बारा झाल्यावर एक

प्रिय आई,

आज आठवीच्या वर्गात 'डझन' हा शब्द शिकवला आणि तुझा एक प्रश्न माझ्याकडे राहून गेलाय हे आठवलं. तुला जाऊन दोन वर्षं होतील. उत्तर फारच उशिरा देतेय.

बोरी अरबच्या बाजारात बायकांच्या हातात बांगड्या भरता भरता तू विचारलं होतंस, "डजन बाराचाच काहून व? दहाचा काहून नाही? तू तं इंग्रजी शिकून राह्यली." मी म्हटलं, "असतो तसाच." काय तोरा होता माझा!

तर ऐक. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मूळ लॅटिन, अर्थ 'दोन आणि दहा'. पण बाराच का? चार बोटांची पेरं अंगठ्यानं मोजली की बारा भरतात म्हणून, असा एक तर्क आहे. तू तशीच तर मोजायचीस! रोज समोर बसून मला ते दिसलं नाही.

पुढचं लिहायला जड जातंय. डझन भरून झाला की तू वर एक बांगडी चढवायचीस. बांगडी फुटली असं कधी म्हणायची नाहीस, वाढली म्हणायचीस. "एखादी वाढली तं बाईचा हात उणा दिसू नाही." माझ्या लग्नात चुडा भरताना तू तेरावी चढवायला लागलीस, तेव्हा मी सगळ्यांसमोर हात मागे ओढला. "इंग्रज तेरा आकडा अशुभ मानतात, आई!" तू ती बांगडी पदराला पुसून पेटीत ठेवलीस. का गं ऐकलंस माझं? एरवी कुणाचं ऐकायची नाहीस!

काल धड्याची तयारी करताना वाचलं, की त्याच इंग्रजांचे पाववाले डझनाला तेरा पाव देत. माप कमी भरायला नको, म्हणून वर एक. आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला.

आज शाळेतून येऊन तुझी पेटी उघडली. ती हिरवी बांगडी हळदीच्या दोऱ्यानं बांधून वेगळी ठेवलेली होती. घालून पाहिली. अंगठ्याशी अडली.

दिवाळीनंतर तुझ्या नातीचं लग्न आहे. तिचा चुडा मीच भरणार, पेरांवर मोजून. बारा झाल्या की तुझी ही चढवीन. आणि तिनं हात मागे ओढला, तर मी तुझ्यासारखं ऐकून घेणार नाही.

तुझी,
शालू