आरतीनंतरचं नाव

॥ श्री ॥
देवास, ९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास सरलेचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. काल मेधाने मला सिनेमाला ओढून नेलं. सूनबाईपुढे माझं काही चालत नाही! परदेशातल्या एका पाद्रीबाबांची खरी जीवनकथा होती. तिथल्या हुकूमशहाचं फर्मान निघालं, की रविवारच्या प्रार्थनेत देवापाठोपाठ माझंही नाव घ्या. पहिल्या बाकावर शिपाई बसलेले. पाद्रीबाबा त्या ओळीपाशी आले आणि गप्प झाले. दादा, त्यांचे पाय लटलट कापत होते, झग्यातूनही दिसत होतं. पण तोंड उघडलं नाही. त्यांना धरून नेलं, ते परत आलेच नाहीत.

घरी येऊन देवापुढे बसले, तर स्तोत्र आठवेना. एवढा घाबरलेला माणूस एवढा मोठा कसा होतो रे?

तुमच्या राममंदिराचं नवं मंडळ तुला, त्यांच्या पुजाऱ्याला, नीट वागवतं ना? वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
सरला

॥ श्री ॥
धार, २८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सरलेस अनेक आशीर्वाद.

तुला काळजी नको म्हणून सांगितलं नव्हतं. नवे अध्यक्ष उदाजीराव यांनी बजावलं होतं, की एकादशीपासून आरतीनंतर रामरायाच्या जयजयकारापाठोपाठ त्यांचाही करायचा. नाहीतर मंदिराची किल्ली ठेवून आमची खोली रिकामी करायची. तुझी वहिनी म्हणाली, बोलून टाका, या वयात जायचं कुठे? मग तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, सामान बांधायला घेते.

एकादशीला मंदिर भरलेलं. रामरायाचा जयजयकार झाला आणि मी थांबलो. उदाजीराव आपल्या माळवी हिंदीत ओरडले, भिया, आगे बोलो! मी हात जोडून उभा राहिलो. त्यांनी सगळ्यांसमोर किल्ली काढून घेतली.

सकाळी टेम्पोत सामान चढत होतं, तेवढ्यात त्यांच्या मातोश्री इंदिराबाईसाहेब काठी टेकत आल्या. मागे उदाजीराव, मान खाली. बाईसाहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, लेकासाठी देवाकडे मागायला मी अजून जिवंत आहे, गुरुजी. तुम्ही फक्त देवाचं नाव घ्या. आमची ट्रंक उदाजीरावांनीच उतरवून आत नेली.

मला इंदिराबाईसाहेब भेटल्या, सरले. पण त्या पाद्रीबाबांना ठाऊक होतं, की आपल्यासाठी कोणीच येणार नाही. तरी ते गप्प राहिले. आरती करताना अजून अंगावर काटा येतो.

मेधास आशीर्वाद. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझा,
भास्करदादा