डावीकडेही पंचेचाळीस

बाबा, दुकानात नवी करवत आणली आहे. तुम्ही असता तर आणू दिली नसती, म्हणून हे आधीच लिहून टाकतो. लोहाओळीतल्या दुकानदारानं तिचं नाव ‘माइटर सॉ’ असं सांगितलं. फोटोफ्रेमच्या पट्टीची टोकं तिरपी कापायची, बरोबर पंचेचाळीस अंशांत, म्हणजे दोन पट्ट्या जोडल्या की काटकोन होतो; तेवढ्या एका कामासाठी जन्माला आलेली करवत. तुम्ही हेच काम आयुष्यभर खाचा पाडलेल्या लाकडी खोक्यात हातकरवत चालवून केलंत, आणि इतवारीत तुमच्या कोपऱ्यांना नाव होतं. ते मी नाकारत नाही. पण आज मला माझ्या हाताबद्दल बोलायचं आहे, आणि आज तुम्हाला मध्येच “चूप बस” म्हणता येणार नाही.

रिक्षातून उतरवताना रिक्षावाल्यानं विचारलं, “शिलाई मशीन हाये का गा?” वजन तसंच होतं. अंगभर घट्ट पिवळं ग्रीस. मी आणि तुमची सून ओट्यावर बसून रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी ते पुसत होतो, तेव्हा एकेक अवयव दिसू लागला. खाली ओतीव लोखंडाची बैठक, तिच्यावर दोन उभे खांब, आणि त्या खांबांच्या आधारानं पुढे-मागे सरकणारं लांब पातं, पाठीला पोलादी कणा असलेलं. मी ते पातं बाजूला दाबून पाहिलं. तसूभर हललं नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा मला तिचा रागच आला. म्हटलं, ही तर आमच्या बाबांच्याच गोत्रातली दिसते, आपलं तेच खरं. मग बुडाशी एक गोलाकार पट्टी दिसली, तिच्यावर आकडे आणि मधोमध शून्य. खिट्टी उचलून पातं उजवीकडे फिरवलं, तर पंचेचाळीसावर ते खट् करून बसलं. पुन्हा उचलून डावीकडे फिरवलं. तिकडेही पंचेचाळीस, आणि तिकडेही तसंच खट्. मी ते किती वेळा केलं कोण जाणे. तुमची सून हातातली चिंधी खाली ठेवून म्हणाली, “करवत आणली का खेळनं आणलं जी?”

तिला काय सांगणार! ती या घरात आली तेव्हा मी सगळी कामं उजव्या हातानं करणारा माणूस होतो. मला ‘डेबऱ्या’ म्हणायचे हे तिला लग्नानंतर शेजारणीकडून कळलं. ते नाव तुम्ही ठेवलंत. मी पाटीवर पहिली रेघ डाव्या हातानं ओढली तेव्हा ठेवलंत आणि मग गल्लीनं उचललं. गंमत बघा बाबा, तुमच्याच दुकानासमोर हमाल सोप्या कामाला “ये तो बाएं हाथ का खेल है” म्हणायचे, आणि तुम्हीही मान डोलवायचात. तो डावा हात ज्याच्याजवळ खरंच होता, त्याला मात्र तुम्ही पडद्यामागे काच पुसायला बसवलंत. गिऱ्हाईक शेठ असो की रिक्षा ओढणारा, तुम्ही कधी डावं-उजवं केलं नाहीत, सगळे सांगतात. माझ्या हातांत तेवढं केलंत.

खाप्याहून आलेल्या त्या माणसाचा दिवस तुम्हाला आठवत असेल. दिवाळी तोंडावर आली होती, दुकानात लक्ष्मीच्या तसबिरींची चळत लागली होती आणि तुमचा एकट्याचा हात पुरत नव्हता. मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. तुम्ही काच आणायला गेलात आणि मी खोकं पुढ्यात ओढून करवत डाव्या हातात घेतली. तुमच्या उजव्या हातानं खोक्याच्या खाचा एका बाजूनं झिजल्या होत्या, त्यामुळे माझ्या हातात करवत थोडी डुलत होती. तरी कोपरा वाईट नव्हता, बाबा. मी आजही सांगतो, वाईट नव्हता. तुम्ही परत आलात तेव्हा खाप्याचा तो माणूस तसबीर न्यायला येऊन उभा होता, आणि त्यानं सगळं पाहिलं होतं. “या पोरानं डेबऱ्या हातानं कापली. मले नाही पाहिजे. लक्ष्मी घरात यायची ते दारातूनच परत जाईन.” तुम्ही ती फ्रेम त्याच्यासमोर खिळे उपटून मोकळी केलीत, चारही पट्ट्या चुलीच्या लाकडांत टाकल्यात आणि दुपारभर बसून नवी करून दिलीत. तो गेल्यावर मला म्हणालात, “देवाच्या कामाले हा हात पुन्हा लागला नाही पाहिजे.” मी विचारलं, मग बाकीचे फोटो? तुम्ही म्हणालात, “बाकीचे म्हणजे मेलेल्यांचे. त्याईले हा हात लावतो का?”

त्या दिवशी मी जेवलो नाही. आईनं बोलावलं नाही, नुसती विळी आणि अंबाडीची जुडी माझ्यासमोर सरकवली. मी डाव्या हातानं चिरू लागलो आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. आई तुमच्याशी सहसा वर मान करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. “चिरू द्या त्याले. अंबाडीले समजते का कोनता हात आहे?” तुम्ही परत गेलात. भाजी तुम्ही खाल्लीत, दोनदा मागून घेतलीत. म्हणजे पोटात गेलेलं चालत होतं, भिंतीवर टांगलेलं चालत नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं असतं तर मी तोंडावर बोललो असतो आणि मार खाल्ला असता. आज सुचतं आहे, तर आज बोलतो.

मग तुम्ही मला उजव्या हातानं कापायला बसवलंत. वर्षानुवर्षं. मी कापलं, आणि माझे कोपरे फटी सोडत राहिले, पावसाळ्यातल्या दारांसारखे. एखादा माणूस उलट्या हातानं लिहीत असावा आणि त्याच्या अक्षराला नावं ठेवावीत, तसं चाललं होतं. पण तुम्ही हाताला नाव ठेवलं नाहीत, मला ठेवलंत. दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगायचात, “पोरगा चांगला आहे, पन त्याले हात नाही.” कारागिराच्या पोराला हात नाही म्हणजे काय नाही, ते तुम्हाला ठाऊक होतं. शेवटच्या आजारात मेयो इस्पितळात भेटायला आलेल्यांनाही तुम्ही तेच सांगितलंत. मी बाजूलाच उभा होतो, तुमच्यासाठी संत्रं सोलत. कोणत्या हातानं सोलत होतो ते तुम्ही पाहिलं नाहीत.

तुम्ही गेलात. तेरवीच्या आधी फोटो लागतो. गावभराच्या मेलेल्या माणसांना चौकटीत बसवणारं आपलं दुकान, आणि तुमच्या फोटोच्या चौकटीला माझा एक कोपरा जुळेना. उजव्या हातानं कापलं. पुन्हा कापलं. पट्टी आखूड होत गेली. डाव्या हातानं कापायचा विचार मनात आला आणि मी घाबरलो. तुम्ही मेल्यावरही मी तुम्हाला घाबरलो. शेवटी फोटो कापडात गुंडाळून महाल भागातल्या फ्रेमवाल्याकडे घेऊन गेलो. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्यानं हात जोडून फोटो घेतला आणि म्हणाला, “तुमच्या बाबांचं काम आहे, जीव लावून करतो.” त्यानंतर मी पट्ट्याही त्याच्याकडूनच कापून आणू लागलो. मी काच कापायचो, संत्र्याच्या पेटीची पातळ फळी मागे ठोकायचो, कड्या लावायचो. लोक मला फ्रेमवाला म्हणत आणि मी ते ऐकून घेत असे. आता घरोघरी टीव्ही येऊ लागले आहेत, लोक भिंतीवरचे फोटो उतरवून टीव्हीसाठी जागा करतात. असंही धंदा बसायचा आहे. मला वाटलं, बसायच्या आधी एकदा तरी आपल्या हातानं करू.

म्हणून मी करवत आत ठेवली नाही. पुढे ओट्यावर ठेवली, तुम्ही बसायचात तिथं, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी. तुमच्या सुनेनं तिला हळदकुंकू लावलं. मी पट्टी उजव्या हातानं टेकवून धरली, मूठ डाव्या हातात घेतली आणि ओढली. आवाज तुमच्या करवतीसारखा खरखरीत नव्हता, बारीक होता. पात्याला माझा हात कोणता ते कळलं नाही. कळलं असलं तरी करवतीनं चेहरा बदलला नाही. टोक हातात घेतलं तर ते काचेसारखं गुळगुळीत होतं. मी ओट्यावर बसूनच मोठ्यानं हसलो, बाबा. समोरचा बोहरी भांडीवाला बाहेर येऊन बघू लागला.

चार-आठ दिवस बरे गेले. मग मौद्याहून एक म्हातारा आला. नवं घर बांधलं होतं, वास्तूसाठी गणपतीची मोठी तसबीर मढवायची होती. ओट्याच्या कडेला बसून तो चहा घेत होता, आणि मी कापू लागलो तसा त्याचा कप हातात तसाच राहिला.

“काहून गा, गनपतीचं काम डेबऱ्या हातानं करून राहिला?”

मी म्हटलं, “काकाजी, कोपऱ्याले दोन काप लागतात. एक उजवीकडे कललेला, एक डावीकडे. डावा काढून टाकू का? मंग अर्धीच फ्रेम न्या घरी.”

“मस्करी नको करू. तुया बापानं असं केलं असतं का?”

“नसतं केलं. म्हनून तर मी करून राहिलो.”

म्हातारा उठला. तसबीर गुंडाळली आणि गेला. मी त्याला परत बोलावलं नाही. तुम्ही बोलावलं असतं, पट्ट्या चुलीत टाकल्या असत्या, हे मला ठाऊक आहे. तुमची सून आतून म्हणाली, “गेलं ना गिऱ्हाईक!” मी म्हटलं, जाऊ दे, आणि माळ्यावर चढून तुमचं लाकडी खोकं खाली काढलं. मला बघायचंच होतं. धूळ झटकली. खोक्याला दोन तिरप्या खाचा, एक उजवीकडे कललेली, एक डावीकडे. दोन्ही, एका बाजूनं का होईना, सारख्याच झिजलेल्या. आयुष्यभर तुम्ही प्रत्येक देवाचा अर्धा कोपरा डाव्या खाचेतून कापलात, बाबा. त्या खाचेला तुम्ही कधी अशुभ म्हणाला नाहीत.

त्याच संतापात मी भिंतीवरून तुमचा फोटो उतरवला. महालातल्या माणसाची फ्रेम काढली आणि चांगली सागाची पट्टी घेऊन करवतीपाशी बसलो. तुमची सून धावतच आली. “अवो, बाकी काहीही करा, मामाजीच्या फोटोले तरी उजवा हात लावा.” तिचे डोळे भरले होते. मला तिची दया आली, पण मी म्हटलं, “नाही. त्याईच्याच फोटोले नाही.” आणि कापलं. डावीकडे पंचेचाळीस, उजवीकडे पंचेचाळीस, चार बाजू, आठ टोकं, सगळी या हातानं, ज्याला तुम्ही हात मानलं नाहीत.

हे पत्र पोचायचं नाही, म्हणूनच पुढचं लिहितो. तीन कोपरे असे बसले की नख फिरवलं तरी अडकेना. चौथा उघडा राहिला. करवतीचा दोष नव्हता, पट्टीच जराशी वाकलेली होती. केसाएवढी फट. तुमची सून म्हणाली, दिसत नाही. मला दिसत होती, आणि तुम्हाला तर दारातून दिसली असती. अशा वेळी तुम्ही त्याच लाकडाचा बारीक भुसा सरसात कालवून अंगठ्यानं फटीत दाबायचात. सगळ्या धंद्यात एवढं एकच काम तुम्ही मला हात धरून शिकवलंत, माझा अंगठा तुमच्या अंगठ्याखाली घेऊन. मी हट्टानं डाव्या अंगठ्यानं भरायला लागलो. भुसा आत राहीना, बाहेर येई. पुसून काढला, पुन्हा भरला, पुन्हा पुसला. मग तुमची सून चहा करायला आत गेली, तेव्हा हात बदलला. उजव्या अंगठ्याच्या पहिल्याच दाबात फट गेली. आता तुमचा फोटो ओट्यासमोरच्या भिंतीवर आहे. कोणी विचारलं तर मी सांगतो, सगळी फ्रेम डाव्या हाताची आहे.