बावीसचा पाना

अण्णा,

"तू फक्त टॉर्च धर." माझ्या लहानपणी तुम्ही मला सगळ्यात जास्त वेळा सांगितलेलं वाक्य हेच असावं. मिक्सर उघडताना, शिलाई मशीनला तेल देताना, ओट्याखालचा नळ बदलताना. सातपूरच्या कारखान्यातून आल्यावर चहा घेऊन तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर वर्तमानपत्र पसरून बसायचात आणि मी तुमच्या उजव्या खांद्यामागे उभी राहायची. टॉर्च धरणं वाटतं तितकं सोपं नसतं. उजेड मागून पडला तर तुमच्याच हाताची सावली कामावर येते, समोरून पडला तर तुमच्या डोळ्यांत जातो. तुमची नजर जिथे जाणार तिथे उजेड आधी पोचलेला हवा. मी ते शिकले, आणि चांगलं शिकले. दिसायचा नाही तो फक्त तुमचा हात. पाना बसवताना तो कसा वळतो, जोर कुठून लावतो, हे सगळं तुमच्या खांद्याआड राहिलं.

एकदा तुम्ही दुसऱ्या पाळीला गेला असताना मी इस्त्री उघडली होती. सातवीत असेन. आतली वायर जळून तुटली होती, ती सोलून पुन्हा जोडली, स्क्रू लावले. इस्त्री तापली. तुम्ही आल्यावर आईनंच सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. डबा ठेवलात, हात धुतलेत, इस्त्री घेऊन बसलात, मी लावलेले सगळे स्क्रू काढलेत आणि पुन्हा तेच, तिथेच, तसेच लावलेत. मी टॉर्च धरली होती. आज ते आठवलं की मला वाईट वाटतं असं नाही. तुम्हाला घरातल्या सगळ्यांच्या जिवाची काळजी होती आणि प्रत्येक वस्तू तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय तुम्हाला झोप येत नसे, एवढंच मला दिसतं. पण आठवतं खरं.

तुम्हाला जाऊन एक तप होऊन गेलं. निवृत्त झाल्यावर तुम्ही घेतलेली पांढरी गाडी अजून आहे. तुम्ही असताना ती मला कधी चालवायला मिळाली नाही. तुमच्यानंतर मी ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि शिकले. आई आता माझ्याकडे इंदिरानगरला असते. नामपूरला मामांकडे जायचं असलं की ती याच गाडीत पुढे डाव्या बाजूला बसते आणि मी गिअर बदलला की अजून प्रत्येक वेळी माझ्या हाताकडे बघते.

या वर्षी गाडीची पंधरा वर्षं भरली. नोंदणी वाढवून घ्यायची तर आरटीओत गाडी दाखवावी लागते, आणि त्याआधी पीयूसी. नेमकी तिथेच ती नापास झाली. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा बरेच दिवस पेटलेला होताच. ॲव्हरेज पडलं होतं, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायचा. गॅरेजवाल्यानं मशीन लावून सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. तुमचा याच्याशी कधी संबंध आला नाही, म्हणून सांगते. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे हे बोटाएवढा एक सेन्सर हुंगत असतो आणि त्याप्रमाणे पेट्रोल किती सोडायचं हे इंजिन ठरवतं. तो गेला की इंजिन अंदाजानं ओतत राहतं. गॅरेजवाल्यानं सेन्सरची, मजुरीची आणि आटे गेले तर पुढचा अख्खा पाइप बदलण्याची मिळून जी रक्कम सांगितली ती ऐकून माझे यजमान म्हणाले, "अगं, यात नवीन गाडीचा हप्ता बसेल. सोडून दे आता हिला." मी म्हटलं, मी घरी बदलून बघते. ते हसले, पण वाईट नाही हसले. "बघ हौस असेल तर. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर पास झाली तर ठेव, नाही तर त्याला देऊन टाकू." मी हो म्हणाले. बोलणं रास्त होतं.

सेन्सर तेवढा सारडा सर्कलजवळच्या दुकानातून आणला. जुन्याच्या वायरीच्या सॉकेटचा फोटो दाखवून, तसाच. बाकी काही विकत घ्यायचं नव्हतं, कारण तुमची हत्यारांची पिशवी माळ्यावर होती.

ती पिशवी दर खंडेनवमीला खाली येते. तुम्ही असताना यायची तशीच. आई पाटावर लाल कापड घालते, पाने मोठ्यापासून लहानापर्यंत मांडते, पाणी शिंपडते, हळदकुंकू वाहते, झेंडूची फुलं ठेवते. तुम्ही दसरा झाला की ते सगळं पुसून, तेलाचा हात फिरवून कामाला घ्यायचात. तुमच्यानंतर पूजा तेवढी राहिली. पुसायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. नळवाला येतो, इलेक्ट्रिशियन येतो, ते आपापले पाने घेऊन येतात.

शनिवारी सकाळी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. आदल्या संध्याकाळी आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता. इंजिन थोडं चालवून कोमट केलं, कारण लोखंड कोमट असताना सेन्सर सुटतो. तळमजल्यावरचे काका दूध घेऊन जाताना थांबले. "काय मॅडम, साहेब कुठंयत?" मी म्हटलं, पोहे करतायत. ते आपल्या दाराकडे वळले. मग मी वायरीचा सॉकेट सोडवला आणि जुन्या सेन्सरची वायर कापली. वायर कापली की वरून बंद कड्याचा रिंग पाना घालता येतो, आणि रिंगची पकड उघड्या तोंडाच्या फिक्स पान्यापेक्षा कितीतरी चांगली. मात्र एकदा कापली की मागे फिरता येत नाही. सेन्सर निघाला नाही तर गाडी तशीच भंगारात.

मी पिशवीतून तुमचा बावीस नंबरचा रिंग पाना काढला आणि सेन्सरवर घातला. तो बसेना.

पुन्हा घातला. आकडा वाचला. बावीसच. पालथा करून पाहिला, खाली बसून टॉर्चच्या उजेडात धरला, तेव्हा दिसलं. रिंगच्या आतले सगळे कोपरे भरून गेले होते. इतक्या वर्षांचं हळदकुंकू पाण्यानं भिजून, वाळून, त्याच्याखाली गंज धरून दगडासारखं झालं होतं. आम्ही त्याची पूजा करून करून तो निकामी केला होता.

मी बशीत थोडं पेट्रोल घेतलं आणि जुन्या टूथब्रशनं घासायला लागले. तेवढ्यात आई लिफ्टमधून उतरली. "काय करी राहिनी व माय?" बशी बघून ती थबकली. घाबरली किंवा रागावली की ती पटकन माहेरच्या बोलीत जाते. "अगं, पूजेतला पाना शे तो!"

"त्याच पान्यानं गाडी वाचणार आहे, आई."

"मग बाजारातून दुसरा आण. हा तुझ्या अण्णांचा आहे."

"गाडी पण अण्णांचीच आहे."

बशीतलं पेट्रोल हळूहळू लाल होत होतं, ते बघत ती उभी राहिली. मला वाटलं वर जाईल. ती खाली पडलेली टॉर्च उचलून माझ्या समोर आली आणि म्हणाली, "कुठे धरू?"

अण्णा, आईला टॉर्च अजिबात धरता येत नाही. उजेड एकदा माझ्या डोळ्यांत, एकदा बॅटरीवर, एकदा शेजारच्या स्कूटरवर. मी म्हटलं, "आई, मी बघते तिथे धर." ती म्हणाली, "तू कुठे बघतेस ते मला काय ठाऊक? डोकं मध्ये आहे ना तुझं." मला हसू आलं. इंजिन पुन्हा कोमट केलं, पाना घातला. या वेळी तो आवाज करून बसला. मी जोर लावला, पाना हलला नाही. तुमच्या पिशवीत लोखंडी पाइपचा एक तुकडा होता. तो कशाला, हे मला कधी माहीत नव्हतं. पान्याच्या दांड्यावर घालून पाहिला तर बरोबर बसला, तेव्हा कळलं. लांब दांडा, जास्त जोर. तरी सेन्सर हलेना. आईनं टॉर्च बॉनेटच्या कडेला ठेवली, पदर खोचला आणि माझ्या हातांच्या मागे पाइपला हात घातला. "सरकू नको, तशीच राहा. नामपूरच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या ओढल्यात मी, तुझ्या अण्णांना काय माहीत." आम्ही दोघींनी मिळून ओढलं. कुरकुर झाली, मग एक कोरडा आवाज आला आणि पाना फिरला. आटे शाबूत होते. आई आपल्या तळहातांकडे बघत होती. ते गंजानं आणि कुंकवानं लाल झाले होते.

नवा सेन्सर मी आधी हातानं फिरवून बसवला, मग फिक्स पान्यानं आवळला. दुपारी पेट्रोल पंपावर पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनकडे बघितलं आणि "पास" म्हणून पुढच्या गाडीकडे गेला. त्याच्यासाठी ते तेवढंच होतं. यजमानांनी भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. आईनं संध्याकाळी पाना धुतला, पुसला, तेल लावलं आणि कुंकू न लावता पिशवीत ठेवला.

एक सांगायचं राहिलं. रविवारी सकाळी, सगळं झाल्यावर, मी खाली जाऊन बॉनेट उघडलं, सेन्सर थोडा सोडवला आणि पुन्हा आवळला. काही बिघडलं नव्हतं. इस्त्रीचे स्क्रू तुम्ही का काढलेत ते त्या वेळी माझ्या मनगटाला कळलं, आणि मग मी हात धुऊन वर गेले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे आणखी थोडं लिहिते. गॅरेजवाला म्हणाला होता, याच्यामागे गाडीखाली दुसरा सेन्सर असतो, तोही आज ना उद्या जाईल. तेव्हा मला गाडीखाली पाठीवर झोपून काम करावं लागेल आणि आईला तेवढं वाकून टॉर्च धरवणार नाही. तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. "सरक," म्हणाला असता, पान्यासाठी हात पुढे केला असता, आणि खरं सांगते, मी सरकले असते. तरी विचारते. पाना मागायचा नाही, आवळलेलं परत उघडायचं नाही, काही शिकवायचं नाही. अण्णा, त्या दिवशी तुम्ही फक्त टॉर्च धराल?