काजू उतलेला हात

५ एप्रिल
अण्णाकाकाची पंचाहत्तरी २६ला, गावात. त्याचाच फोन. "माझ्याबद्दल चार शब्द बरे बोल गो, तू शिकलेली." बोलते ना! किती वर्षं याचीच वाट बघतेय.

७ एप्रिल
भाषण आरशासमोर म्हटलं. मी आठ वर्षांची. बाबा जाऊन वर्ष झालेलं, आई नि आम्ही भावंडं काका-काकीच्या घरी. मूठभर काजू चोरून दुकानात दिले, बर्फाचा गोळा घेतला. काकाने मनगट धरलं नि ओल्या काजूच्या सालीतलं जळजळीत तेल चोळलं. कातडी उतली, फोड येऊन सोलली. डाग अजून आहे. त्या दिवशी हातात काही घालणार नाही, अख्ख्या गावाला दिसू दे. म्हातारा हार घालून बसलेला असेल, तेव्हाच.

११ एप्रिल
धाकट्या भावाला फोनवर सांगितलं. "काकान खंय, ताये? तू सोताच ओले काजू फोडी होतंस. जुनां कित्याक उकरतंस?" काकाची आंबा-काजूची कलमं सांभाळतो. खाल्ल्या मिठाला जागणारच. तेव्हा पाच वर्षांचा होता, याला काय आठवणार!

१९ एप्रिल
गावी आले. फोंडाघाट उतरतानाच डोकं तापलेलं. आईला सरळ विचारलं. ती कोकमं फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "काकान नाय गो. त्याल मिया लायलंय. तू चोरटी ठरलंस तर आमका घरात कोण ठेवतलो?"
खोटं! अजून त्याच्याच घरात राहते, त्याला वाचवतेय.
पण आई कशाला असलं स्वतःवर घेईल...

२३ एप्रिल
डोळे मिटले की मनगट धरणारा तो हात. आता त्यात बांगड्या किणकिणतात. इतकी वर्षं कधी ऐकू आल्या नव्हत्या. म्हणजे आईच. खूप रडले. भाषण फाडावंसं वाटलं.

२५ एप्रिल
साडीला इस्त्री करताना एकदम लख्ख झालं. बाबा गेल्यावर आईच्या हातात बांगड्या होत्याच कुठे? किणकिण माझ्याच डोक्याने आत्ता रचली. आई खोटी! जवळजवळ नाचलेच. मग खाली बसले. डोकं बांगड्या रचतं, तर काकाचा हातही...
नाही. डाग खरा आहे. कुणीतरी भोगायलाच हवं.
एवढ्यात काकी आली, उद्यासाठी हिरव्या बांगड्या घेऊन. "ह्यो घाल फाल्या. रिकामो हात बरो दिसणा नाय." माझं मनगट धरून स्वतःच चढवायला लागली. तिच्या हातातल्या किणकिणल्या, अगदी तशाच. मी हात हिसकावून घेतला.
उद्या माईक माझ्या हातात येणार. नाव कुणाचं घेऊ?