पिल्लाची पहिली सुई

बाबा,

पिल्लाला सलाईन लागून आज तिसरा दिवस. चंद्रपूरच्या एका जनावरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. आत तुमची नात टेबलाला चिकटून उभी आहे. पिल्लाच्या पुढच्या पायाला सलाईनची सुई बांधलीय, ती निसटू नये म्हणून तिने तो पाय धरून ठेवलाय. अडीच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, आणि त्याला पार्व्हो झालाय. तुमच्या वेळी आपल्याकडे याचं नाव कोणी घेत नव्हतं. रक्ताची हगवण लागली, पिल्लू गेलं, एवढंच लोक सांगायचे. डॉक्टर मॅडम सकाळी म्हणाल्या, "आज संध्याकाळपर्यंत उलटी थांबली तर वाचेल." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या श्राद्धालाही मी हल्ली रजा टाकत नाही, आणि आज तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला हे सांगायची माझी हिंमत नाही.

आलापल्लीपासून जवळच्याच ज्या गावात मी नर्स आहे, तिथे आम्ही मायलेकीच राहतो. हे सिरोंच्याला नोकरीवर. मागच्या वर्षी आमची कुत्री बिबट्याने भर अंगणातून उचलून नेली. पोरगी महिनाभर धड जेवली नाही. म्हणून यंदा शाळेतल्या बाईंकडून हे पिल्लू आणलं, तेव्हा तिने बजावलं की याचं सगळं रीतसर करायचं. रीतसर म्हणजे जंताचं औषध वजन करून द्यायचं, लस झाल्याशिवाय त्याला बाहेरच्या मातीत सोडायचं नाही, आणि विमा काढायचा. कुत्र्याचा विमा! मी कपाळाला हात लावला. पण नववीतली पोरगी ती. तीन कंपन्यांच्या योजना तिने वहीत उतरवून काढल्या. एका कंपनीला गावठी कुत्रं चालत नव्हतं. दुसरी फक्त ऑपरेशनचं बघणार होती. तिसरी आजारपणही धरायची, पण पॉलिसी निघाल्यावर पहिले पंधरा दिवस आजारपणाचं काही मिळणार नाही, आणि लसीने टळणारा आजार असेल तर लस टोचल्याची नोंद कार्डावर आधीच हवी, अशी अट होती.

त्या तिसऱ्या कंपनीच्या माणसाला पोरीने फोन लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आमच्याकडं बिबट येते. त्यानं नेलं त?" तो बिचारा कुठल्या तरी मोठ्या शहरात बसलेला. साहेबाला विचारून परत आला आणि म्हणाला, "मॅडम, ते अपघातात धरतात, पण बॉडीचा फोटो लागेल." पोरगी म्हणते, "बिबट का फोटो काढाले ठेवते का?" मी पोट धरून हसले. मला तुमची ती पिशवी आठवली. विम्याची गाय मेली की पुरावा म्हणून तुम्ही बिल्ल्यासकट कान कापून पिशवीत घालून आणायचात, आणि आई ती पिशवी अंगणात येऊ द्यायची नाही. आता ओळख पटायला कुत्र्याच्या नाकाचा फोटो घेतात. आम्ही तिघं घामाघूम झालो तेव्हा कुठे तो एक धड आला.

राहिली लस. आमच्याकडच्या ढोरांच्या दवाखान्यात कुत्र्याची ही लस नव्हती. पिल्लाला एवढ्या उन्हात बसमधून नेणं नको, म्हणून मी एकटीच चंद्रपूरला याच दवाखान्यात आले. डॉक्टर मॅडमनी कार्ड दिलं, दोन छोट्या बाटल्या दिल्या, आणि त्या ठेवायला थर्माकोलचा डबा न् बर्फाच्या पिशव्या काढल्या. मी म्हटलं, "डबा नको, माझ्याकडे आहे, बर्फ तेवढा द्या," आणि पिशवीतून तुमचा फ्लास्क बाहेर काढला. उपकेंद्रात माझ्याकडे लसीचा चांगला सरकारी डबा आहे, पण सरकारी डब्यात घरचं काही ठेवायचं नाही, हे तुम्हीच लहानपणी डोक्यात घातलेलं. मॅडम फ्लास्ककडे बघून म्हणाल्या, "जुना दिसतोय." मी म्हटलं, "माझे वडील जनावरांच्या खात्यात होते. या फ्लास्कने गावंच्या गावं टोचलीत." काय तोरा होता माझा, बाबा!

बसमध्ये फ्लास्क मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा मला तो दिवस आठवत होता. मी आठ-नऊ वर्षांची. तुम्ही मानमोडीची लस घेऊन निघणार आहात. गावात कोंबड्यांच्या माना वाकड्या होऊन त्या पटापट मरतायत. तुम्ही जेवताय आणि मी फ्लास्क उघडून बर्फाचे तुकडे चोखतेय. बुचाला लाल रबराची चकती आहे, ती मला बांगडीसारखी दिसते, म्हणून मी ती काढून हातात घालते. बूच परत लावते, तुम्ही निघून जाता. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गाव टोचून परत आलात, फ्लास्क धुवायला घेतलात, आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिलात. मला वाटलं आता बसणार. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "बर्फ विरघळला, पण पाणी थंड लागलं म्हून मले समजलंच नाई. लस त मेली होती."

लगेच दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून त्या गावात नेलंत. तुमच्या हाताखालचे काका मागच्या सायकलवर. कोंबड्या अजून डालीखाली झाकलेल्या होत्या. तुम्ही चावडीपुढे उभे राहून सांगितलंत, "काल देल्ली ते सुई बेकार गेली. चूक माही हाये. कोंबड्या सोडू नोका, पुन्हा टोचतो." लोक खवळले. एकाने तर मुद्दाम डाल उचलून कोंबड्या मोकळ्या सोडल्या आणि म्हणाला, "पकडा आता तुमीच!" तुम्ही आणि काका उकिरड्यावरून कोंबड्यांमागे धावत होता आणि सारं गाव हसत होतं. माझं नाव तुम्ही शेवटपर्यंत घेतलं नाही.

आष्टीच्या अलीकडे बस थांबली. सूरजागडकडून येणाऱ्या लोहखनिजाच्या ट्रकांची रांग लागली होती, आणि पुढे एक ट्रक आडवा पडला होता. भर दुपारी, उघड्या रस्त्यावर आम्ही तासन् तास बसलो. फ्लास्क उघडून बघू नये, उघडला की आतला गारवा जातो, हे मी माझ्या गावच्या आशाताईंना दर महिन्याला शिकवते. म्हणून मी उघडला नाही. खरं म्हणजे मला बघायचंच नव्हतं.

घरी पोचले तेव्हा काका अंगणात येऊन बसलेले. रिटायर झाल्यापासून ते आमच्याच गावात राहतात आणि अजूनही लोकांच्या बकऱ्या, कोंबड्या, कुत्री टोचतात. दुसऱ्या दिवशी ते आठ दिवसांसाठी सावली गावी लेकीकडे जाणार होते. पिल्लू त्यांच्या मांडीवर, पोरगी कार्ड आणि पेन घेऊन शेजारी. मी स्वयंपाकघरात जाऊन बूच काढलं. त्याची चकती वाळून तडकली होती. बर्फाचा खडासुद्धा उरला नव्हता. पाण्यात बोट घातलं तर ते कोमट होतं. लहान मुलांच्या लसीच्या बाटलीवर एक चौकोन असतो, गरमी लागली की त्याचा रंग बदलतो. तो बदलला की मी बाटली फेकून देते. नोकरीत आजवर एकदाही चुकले नाही. या बाटल्यांवर तसला चौकोन नव्हता.

मी मडक्यातलं गार पाणी तांब्यात घेतलं आणि दोन्ही बाटल्या त्यात बुडवून ठेवल्या. बाहेरून काका म्हणाले, "का करून राह्यली वो बाई?" मी म्हटलं, "आले, आले." मग बाटल्या पदराला पुसल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. काकांनी, तुम्ही लावायचात तशी, बाटली गालाला लावून बघितली आणि पोरीला म्हणाले, "थंडगार हाये. डॉक्टरच्या पोरीनं आणली, ते का गरम येणार हाये?" मग त्यांनी लस टोचली. पोरीने बाटलीवरचं लेबल कार्डावर चिकटवलं, तारीख टाकली, फोटो काढून कंपनीला पाठवला आणि नाचत सुटली. तिला परत थांब म्हणायचं, काकांना सांगायचं की तुमच्या डॉक्टरच्या पोरीने लस सडवून आणली, हे माझ्याने होईना. तेवढ्यासाठी मी त्या जिवाला नुसतं पाणी टोचू दिलं.

नवव्या दिवशी पिल्लाने खाणं टाकलं. विम्याचे पंधरा दिवस अजून भरले नव्हते, म्हणजे ज्या नोंदीसाठी एवढी धडपड केली ती नोंदही कामाला आली नाही. भाड्याची गाडी करून आम्ही इथे आलो तेव्हा त्याची मान पोरीच्या हातावर लोंबत होती. मॅडमनी कार्ड बघितलं आणि म्हणाल्या की पहिल्या डोसने पूर्ण भरवसा नसतोच, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेल तरी लस लागत नाही. मग त्यांनी विचारलं, "बर्फ होता ना घरापर्यंत?" पोरगी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "होता." कदाचित दुधाचंच कारण असेल. कदाचित लस चांगली असती तरी हेच झालं असतं. हे मला आता कधीच कळणार नाही, आणि दोन दिवस मी त्या "कदाचित"ला घट्ट धरून बसलेय.

आत्ताच काकांचा फोन आला. कालच सावलीहून परतलेत. "बाई, पिल्लू कसं हाये?" मी म्हटलं, अजून काही सांगता येत नाही. ते म्हणाले, "माह्याच हातानं झालं वो. हात कापते आता. सुई कातडीत गेली का केसात गेली, मले दिसलंच नाई. आता नाई धरत मी सुई. बकरीवाल्यायले पण सांगून टाकलं." मी म्हटलं, "काका, तुमची चूक नाही." ते म्हणाले, "मंग कोणाची हाये?" त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, बाबा. मी म्हटलं, "काका, आवाज कटून राह्यला," आणि फोन बंद केला. आवाज स्वच्छ येत होता.

पुढचं घरी बसून लिहितेय.

त्या दुपारनंतर उलटी झाली नाही. पाच वाजता मॅडमनी बोट ओलं करून पिल्लाच्या तोंडाला लावलं, त्याने ते चाटलं. मग चमच्याने पाणी दिलं. आम्ही तिघी घड्याळाकडे बघत उभ्या होतो. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. पोरगी ओरडली, "आई, ठेवलं त्यानं पोटात!" आणि मी दवाखान्याच्या मोरीत जाऊन नळ सोडून रडले. अजून दोन दिवस ठेवून घेतलं, आणि आज त्याला घरी आणलं. हाडकुळं झालंय, पण शेपूट हलवतंय. आत्ता माझ्या पायाशी झोपलंय.

येताना गाडीत पोरगी म्हणाली, "आई, पुढची सुई त्या आजोबाकडून नाई द्यायची. त्यायले बराबर देता येत नाई." मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. तिने पिल्लाच्या कानात सांगितलं, आता तुला चांगल्या डॉक्टरकडे नेऊ.

हे पत्र काकांच्या हातात द्यायला हवं, हे मला कळतं. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही "कोणाची चूक" म्हणून विचारत नाही. घडी करून हे कपाटात साड्यांच्या खाली ठेवीन. गावात शिरताना मी ड्रायव्हरला तळ्याकडच्या वाटेने गाडी घ्यायला सांगितलं. पोरीने विचारलं, "इकडून काऊन? लांब पडते ना." मी म्हटलं, त्या रस्त्याला खड्डे आहेत. त्या रस्त्याला काकांचं घर आहे, बाबा, आणि त्या वेळी ते दारात बसलेले असतात.