विहीणबाईंचा गुडघा

चोन्जू, ९ नोव्हेंबर १९८८

चि. तोकिको हिस फुमिएताईचे अ. आ.

सुखरूप पोचले. आपली मिहोको आणि तिनं पसंत केलेला ह्योनुक दोघंही सोलमध्ये कामात अडकलेत, महिनाअखेरीस येतील. तोवर या घरात मी आणि ह्योनुकची आई. मला कोरियन येत नाही, तिला जपानी. सगळा कारभार खाणाखुणांवर चाललाय.

मिहोकोला वडील नाहीत, तेव्हा या लग्नाला हो म्हणायचं की नाही ते माझ्यावर आहे. आणि मी नाही म्हणायच्या बेतात आहे. पहिल्या दिवशी ठेवणीतला किमोनो नेसून मी गुडघे टेकून टाचांवर ताठ बसले, आई आपल्याला बसवायची तशी. बाई समोर आली आणि एक गुडघा छातीशी उभा करून बसली. होणाऱ्या विहिणीसमोर! वर माझ्याकडे बघून कावरीबावरी झाली आणि दंडाला धरून मला उठवायला लागली. मी पुन्हा बसले, तिनं पुन्हा उठवलं. रोज हेच. असल्या घरात मुलगी द्यायची?

एक सुख मात्र आहे. तिला काही कळत नाही, त्यामुळे मनातलं तोंडावर बोलता येतं. तिच्या आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्श्याला ओल्या मोज्यांचा वास येतो, हे मी तिला रोज हसून, मान लववून सांगते. तीही मान लववते आणि आणखी वाढते.

मांजराला उपाशी ठेवू नकोस. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर सांभाळायला मी आहेच.

तुझी ताई

कानाझावा, १६ नोव्हेंबर

ती. फुमिएताईस तोकिकोचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसून हसून पोट दुखलं, मग काळजी वाटली. आपल्या मासेवाल्या ओनोबाईंचं लहानपण तिकडंच गेलंय, म्हणून त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, एक गुडघा उभा करून बसणं ही तिकडच्या घरंदाज बायकांची रीत. म्हणजे तुझी विहीणबाई तुझ्यापुढं अगदी अदबीनं बसली होती. आणि टाचांवर बसतो तो माफी मागणारा. खोडकर पोर, नाहीतर पिऊन आलेला नवरा! ताई, गेल्यापासून तू त्या माउलीची रोज माफी मागतेयस. मुलीत काही खोट आहे की काय, असं वाटत असेल बिचारीला.

मिहोकोचा फोन आला होता. आई नाही म्हणाली तर मी ऐकेन, असं म्हणाली. मग लग्नाचं सोडून मांजराचीच चौकशी करत राहिली. तेव्हा आधी त्यांच्यासारखी बसून बघ आणि मग काय ते ठरव. आणि मोज्यांचं जरा बेतानं घे.

मांजर तुझ्यापेक्षा जास्त जेवतं. माया पातळ करू नये, ही विनंती.

तुझी तोकिको

चोन्जू, २३ नोव्हेंबर

चि. तोकिको हिस अ. आ.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी जेवताना मी एक गुडघा उभा करून बसले. किमोनोत ते जमतंय होय? कलंडले ती थेट कोबीच्या लोणच्याशेजारी. बाई हसली, मीही हसले. मग तिनं रश्श्याचं भांडं पुढं सरकवलं आणि स्वच्छ जपानीत विचारलं, की आज मोज्यांचा वास कमी आहे का.

धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

शब्द शोधत शोधत तिनं सगळं सांगितलं. इथं आपलं, जपानचं राज्य होतं तेव्हा शाळेत स्वतःची भाषा बोललं की छड्या बसायच्या. तिलाही बसल्या. राज्य गेल्यापासून तिनं जपानीचा एक शब्द उच्चारला नव्हता, माझ्यासाठीही उच्चारणार नव्हती. पण मी आल्या आल्या टाचांवर बसले. तिला वाटलं, ही त्या छड्यांची माफी मागायला आलीय. इतक्या वर्षांत कुणी मागितली नव्हती. तिला ते बघवेना, म्हणून ती मला उठवत होती. माफी मागणारी बाई जेवणाला नावं का ठेवते, एवढंच तिला उमगत नव्हतं.

मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे रोजच असं बसतात, मला काही ठाऊक नव्हतं. ती हो म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. मग मी भांडं बाजूला सारलं आणि पुन्हा टाचांवर बसले. या वेळी मला ठाऊक होतं.

तिनं मला लगेच उठवलं नाही. बऱ्याच वेळानं हात पुढं केला. रस्सा गार झाला होता, तो दोघींनी तसाच संपवला.

मिहोकोला फोन करून हो म्हटलंय. लग्न वसंतात. येताना तू किमोनो नको, घेरदार झगा आण. गुडघा वर करायचाय. मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझी ताई