एकाकी जोडी कुठं बसते?

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि पत्र लिहायला आज बसले, कारण काल मी वर्गात थाप मारली. भोरलाच असते मी, तुमचाच विषय, रसायनशास्त्र, शिकवते. फळ्यावर झेनॉनची संयुगं काढली होती. चार फ्लोरिनांचा सपाट चौकोन, वर-खाली इलेक्ट्रॉनांची एकेक एकाकी जोडी, इथवर सगळं झकास. सहा फ्लोरिनांचं काढलं तशी हिर्डोशी गावाहून येणारी मुलगी उठली. "मॅडम, साही बाजू भरल्या की. मंग उरलेली जोडी कुठं बसती?" मला येत नव्हतं. "परीक्षेला नाही ते," म्हणाले आणि फळा पुसला. पोरगी खाली बसली.

आमच्या वेळी हाच प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारला होता. तुम्ही पुस्तकी मराठीत शिकवायचात, पण अडलं की तुमच्या कामथडी गावची बोली बाहेर यायची. खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "न्हाई ठावं मला. बघून सांगतो." काय छाती लागते हो त्याला! तोवर कुठल्या मास्तरांना असं म्हणताना ऐकलं नव्हतं मी. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून एस.टी.नं पुण्याला गेलात, ग्रंथालयात बसलात, आणि तिसऱ्या दिवशी पिशवीतून बटाटा काढलात, त्याला फ्लोरिन म्हणून खराट्याच्या सहा काड्या टोचलेल्या. तुमचा चेहरा असा फुललेला, जणू झेनॉन घरचाच पाहुणा.

काल संध्याकाळी मी पुस्तक काढलं. ती जोडी एका जागी बसतच नाही म्हणे. तीन फ्लोरिनांच्या मधे घुसते, त्यांना सारते, मग दुसऱ्या तिघांकडे जाते, आणि त्या रेणूचा आकार सारखा वाकडा होत राहतो. वाचून मी वेड्यासारखी हसले. उद्या त्या मुलीला हे सांगायचंय, आणि त्याआधी कबूल करायचंय की काल मला येत नव्हतं. सर, भीती वाटतेय. पोरं हसतील.

खरं सांगू? तुम्ही तो बटाटा फिरवून फिरवून समजावत होतात, तेव्हा मी मागच्या बाकावर "न्हाई ठावं मला" अशी तुमची नक्कल करत होते, आणि अख्खा बाक हसत होता. तुम्ही पाहिलंत आणि शिकवत राहिलात. मी एक अक्षर ऐकलं नाही.